चित्रांत शिरायचा ऑनलाइन खेळ: चित्र काळं पडतं, जोडाक्षरं फुटतात, खेळाडू मजल्यातून खाली जातो

गंगापूररोडकर (धागा सुरू करणारा)

नमस्कार मंडळी,

नाशिकच्या आठवी ते दहावीच्या मुलांसाठी ब्राउझरमध्ये चालणारा साहसखेळ तयार होतोय. एक दालन आहे, भिंतींवर प्रसिद्ध चित्रं. चित्राजवळ गेलं की आत शिरता येतं. आत काहीतरी मुद्दाम बिघडवून ठेवलेलं असतं: आरशातली माणसं गायब, लाट गोठलेली, ठिपक्यांचे रंग उलटे. मूळ चित्र नीट निरखून ते दुरुस्त केलं की पुढची किल्ली मिळते. दालन थ्रीजेएसमध्ये (ब्राउझरमध्ये त्रिमितीय दृश्य दाखवणारं साधन) आहे, चित्राच्या आतला भाग फेजर ३ मध्ये (सपाट, द्विमितीय खेळांचं साधन).

सात टप्पे आहेत: हॉल्बाइनचे ‘राजदूत’, व्हान आयकचं आर्नोल्फिनी दांपत्य, होकुसाईची लाट, सराचं ठिपक्यांनी रंगवलेलं ‘ग्रांद जात बेटावरचा रविवार’, रेम्ब्रांटचा ‘नाइट वॉच’, रविवर्म्याची दिवा घेतलेली बाई, आणि शेवटी घरचा टप्पा म्हणून पांडवलेणी, लेणं क्रमांक ३.

मुद्दाम घातलेले बिघाड व्यवस्थित चालतात. न घातलेले त्याहून व्यवस्थित चालतात:

१. जुन्या फोनवर मोठी चित्रं पूर्ण काळी दिसतात. संगणकावर ठीक.
२. दालन–चित्र–दालन अशा बऱ्याच फेऱ्या झाल्या की दालनच काळं होतं.
३. हॉल्बाइनच्या चित्रातली ताणलेली कवटी बाजूने पाहायची, तर तिथे नुसता धुरकट पट्टा दिसतो.
४. वस्तूवर टिचकी मारली तर ती शेजारीच लागते.
५. मराठी संवाद अक्षर-अक्षर उमटताना जोडाक्षरं फुटतात, रफार कापला जातो. लेण्यातल्या ब्राह्मी ओळींच्या जागी चौकोन येतात.
६. शाळेतल्या जुन्या संगणकांवर खेळाडू मजल्यातून खाली पडतो. नव्या फोनवर तोच दुप्पट वेगाने धावतो.
७. होस्टिंगवर चढवल्यावर दोन चित्रं येतच नाहीत.

मुलांना मुद्दामचा बिघाड कोणता आणि खरा कोणता हे कळत नाही, त्यामुळे ती काळ्या पडद्यासमोर बसून किल्ली शोधतात. कुठून सुरुवात करू?

पोतवाला

पहिले तीन प्रश्न एकाच घरातले आहेत, त्यामुळे एकत्रच घेतो.

जेपीजी फाइल ८ एमबीची आहे म्हणून चित्र हलकं, असं नसतं. ग्राफिक्स चिपकडे जाताना ते पूर्ण उलगडतं आणि प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात. ९००० × ६००० चं चित्र म्हणजे २१ कोटी ६० लाख बाइट, साधारण २१६ एमबी. त्यावर मिपमॅप (म्हणजे काय ते कवटीपाशी सांगतो) केले की आणखी एक तृतीयांश. शिवाय जुन्या फोनांत टेक्स्चरच्या (चिपकडे दिलेल्या चित्राच्या) एका बाजूची मर्यादा बहुतेक ४०९६ पिक्सेल असते. ती ओलांडली की वेबजीएल (ब्राउझरचं चिपशी बोलायचं साधन) चित्र नाकारतं आणि तुम्हाला काळा आयत दिसतो. कन्सोलमध्ये इशारा येतो, पण फोनचा कन्सोल कोण उघडतो! खेळ सुरू होतानाच ‘मॅक्स टेक्स्चर साइझ’ विचारून घ्या आणि त्याप्रमाणे फाइल निवडा.

दालनासाठी लांब बाजू २०४८ पिक्सेल पुरे. चित्राच्या आत, जिथे बारकावे पाहायचेत, तिथे चित्राचे ५१२ पिक्सेलचे तुकडे करा आणि पडद्यावर दिसणारे तेवढेच उतरवा. हे तुकडे ‘लिबव्हिप्स’च्या ‘डीझेडसेव्ह’ आज्ञेने एका झटक्यात होतात. तुकडे लावल्यावर मध्ये केसासारख्या रेघा दिसतील. टेक्स्चर गुळगुळीत करताना चिप कडेच्या पिक्सेलचा शेजारी शोधते आणि तिला तिथे काहीच सापडत नाही, म्हणून रेघ येते. प्रत्येक तुकड्याला चारही बाजूंनी शेजारच्या तुकड्याचा १ पिक्सेल जोडून घ्या, टेक्स्चरची कड ‘क्लॅम्प’वर ठेवा, आणि तुकड्यांच्या जागा पूर्णांकात ठेवा. तिन्ही करा. दोनच केले तर अर्ध्या झूमवर रेघ परत उगवते.

दालन काळं पडण्याचं कारण जवळजवळ नक्की हे: प्रत्येक वेळी चित्रात शिरताना तुम्ही फेजरचा नवा खेळ उभा करता आणि बाहेर येताना तो नुसता लपवता. प्रत्येक खेळाचा आपला वेबजीएल संदर्भ असतो. क्रोम संगणकावर असे साधारण १६ संदर्भ सांभाळतो, फोनवर त्याहून कमी. मर्यादा ओलांडली की तो सगळ्यांत जुना संदर्भ मोडतो, आणि तुमच्याकडे सगळ्यांत जुनं म्हणजे दालनच. फेजरचा एकच खेळ कायम ठेवा आणि त्यातले सीन बदला. सीन सोडताना त्यातली टेक्स्चर नावानिशी काढून टाका. थ्रीजेएसच्या बाजूलाही ‘डिस्पोझ’ स्वतः बोलवावं लागतं. जावास्क्रिप्टचा कचरावाला चिपमधली स्मृती झाडत नाही.

आता कवटी. मिपमॅप म्हणजे चित्राच्या लहान होत गेलेल्या प्रती. चित्र तिरकस पाहिलं की ते आडव्या दिशेने फार आकसतं, उभ्या दिशेने तेवढंच राहतं. साधी पद्धत जास्त आकसलेल्या दिशेकडे पाहून लहान प्रत उचलते, म्हणून उभे बारकावेही पुसले जातात. हॉल्बाइनने १५३३ मध्ये तिरक्या नजरेसाठी रंगवलेली कवटी तिरक्या नजरेलाच दिसत नाही, ती यामुळे. त्या टेक्स्चरची ‘ॲनिसोट्रॉपी’ वाढवा. मूळ किंमत १ असते, ८ केली की फरक डोळ्यांना दिसतो, बऱ्याच चिपना १६ पर्यंत चालते. या एका चित्राला दालनातही ४०९६ ची फाइल द्या.

सराच्या चित्रात उलटं होईल. तिथे मिपमॅप बंद असतील तर दुरून ठिपके किड्यांसारखे वळवळतात. ते सुरूच ठेवा, आणि एका प्रतीवरून दुसरीवर जाताना मधली किंमत घेणारी गाळणी निवडा.

चित्रं फिकट, पिठूळ दिसत असतील तर थ्रीजेएसमध्ये रंगीत टेक्स्चरचा ‘कलरस्पेस’ एसआरजीबी दिलाय का बघा. आवृत्ती १५२ पासून हे नाव बदललं. जुन्या धड्यांत ‘एन्कोडिंग’ लिहिलेलं असतं, ते आता चालत नाही.

कुंचला_आणि_फूटपट्टी

पोतवाला यांनी यंत्राची बाजू सांगितली, मी चित्रांची सांगतो. आधी एक दुरुस्ती, नाहीतर पुढे अडचण होईल.

दिवा घेतलेली बाई रविवर्म्याची नाही. ते सा. ल. हळदणकरांचं जलरंगचित्र आहे, १९४५-४६ च्या सुमाराचं, म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. कॅलेंडरवाल्यांनी वर्षानुवर्षं ते रविवर्म्याच्या नावावर खपवलंय. हा नुसता नावाचा घोळ नाही. भारतात चित्राचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं चालतो. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांची चित्रं केव्हाच मोकळी आहेत. हळदणकर १९६८ मध्ये गेले, म्हणजे हे चित्र ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत हक्कात आहे. तोवर परवानगी घ्या, नाहीतर टप्पा बदला. अमृता शेरगिल १९४१ मध्ये गेल्या आणि धुरंधर १९४४ मध्ये, दोघांची चित्रं इथे मोकळी आहेत. कोणी उत्साहाने ‘गेर्निका’ सुचवेल. पिकासो १९७३ मध्ये गेला, म्हणजे २०३३ संपेपर्यंत थांबा. चित्र मोकळं असलं तरी फोटोच्या फाइलला संग्रहालयाच्या अटी असू शकतात. न्यूयॉर्कचं मेट आणि शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट मोकळ्या फाइलींवर तसं स्पष्ट लिहितात, बाकीच्यांचं पान वाचूनच उतरवा.

चौथा प्रश्न (टिचकी शेजारी लागते) अर्धा माझ्याकडे येतो. होकुसाईची लाट हे ठशाचं चित्र आहे, जगभर त्याच्या अनेक प्रती आहेत. मेटची प्रत आणि शिकागोची प्रत एकमेकींवर ठेवली तर कडा जुळत नाहीत. तसंच ‘नाइट वॉच’ची चौकटीसह फाइल वेगळी आणि बिनचौकटीची वेगळी. तुम्ही एका फाइलवर जागा आखल्या आणि नंतर ‘जास्त स्वच्छ’ फाइल टाकली की सगळे हॉटस्पॉट (टिचकी लागायच्या जागा) सरकणार. जागा पिक्सेलमध्ये न लिहिता ० ते १ च्या प्रमाणात लिहा, आणि प्रत्येक चित्राची कोणती फाइल, किती रुंद, किती उंच हे जागांच्या फाइलीतच नोंदवा. माप जुळलं नाही तर खेळाने सुरू होण्याआधीच तक्रार करावी.

आकाराचंही बघा. थ्रीजेएसमधलं १ एकक म्हणजे १ मीटर धरा. ‘राजदूत’ २.०७ × २.०९५ मीटर, सराचं चित्र साधारण २.०८ × ३.०८, आर्नोल्फिनी ०.८२ × ०.६०, आणि लाट फक्त ०.२६ × ०.३८, म्हणजे ए-३ कागदापेक्षाही थोडी लहान. बहुतेक आभासी दालनांत सगळी चित्रं एकाच मापाची टांगतात आणि मुलांना लाट भिंतभर वाटते. खऱ्या मापाने टांगली की ती शोधावीच लागते, हे एक फुकटचं कोडं झालं.

आणि मुख्य सांगायचं ते हे. बिघाड शोधून काढायची तुम्हाला गरजच नाही. चित्रांना खरोखरचे बिघाड झालेले आहेत, तेच घ्या.

‘नाइट वॉच’ १६४२ चं. १७१५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या नगरभवनात भिंतीवर मावेना म्हणून चारही बाजूंनी कापलं, सगळ्यांत मोठी पट्टी डावीकडची. कापण्याआधी केलेली एक लहान नक्कल उरली आहे, तिच्यावरून हरवलेला भाग कळतो. कोडं तयार: नक्कल पाहून डावीकडची माणसं परत बसवा. शिवाय प्रसंग रात्रीचा नाहीच, जुन्या वार्निशच्या काळवंडलेल्या थराने तो तसा भासवला.

सराच्या चित्रात झिंक यलो नावाचा रंग आहे. तो त्याच्या हयातीतच तपकिरी पडू लागला. हिरवळीवरचे जे ठिपके आज मळकट दिसतात, ते एके काळी उजळ पिवळे होते. मुलांना कोणते ठिपके ‘बिघडलेत’ ते शोधू द्या. रंग उलटे करण्यापेक्षा हे खरं आहे.

होकुसाईच्या उशिराच्या प्रतींत लाकडी ठोकळा झिजल्याने रेषा तुटलेल्या दिसतात. दोन प्रती शेजारी ठेवा आणि आधीची कोणती ते विचारा. लाटेखाली तीन होड्या आहेत. बरेच जण दोनच मोजतात.

आर्नोल्फिनीच्या आरशात दांपत्याची पाठ दिसते आणि दारात आणखी दोन माणसं. आरशाच्या चौकटीत दहा छोटी गोल चित्रं, वर व्हान आयकची सही आणि १४३४. झुंबरात एकच मेणबत्ती पेटलेली. इथे खराखुरा परावर्तन करणारा आरसा बनवायच्या भानगडीत पडू नका. आरशाचं टेक्स्चर काढत असतानाच तेच टेक्स्चर वाचलं जातं आणि आरसा काळा पडतो. आरशाचा तुकडा वेगळी फाइल म्हणून कापा, त्यातली दारातली माणसं पुसून दुसरी प्रत करा, आणि कोडं सुटलं की फाइल बदला.

पांडवलेण्यातही हेच करता येईल. लेणं ३ मधला गौतमी बलश्रीचा लेख वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षातला. त्यात तिच्या मुलाला, गौतमीपुत्र सातकर्णीला, क्षहरात वंश (क्षत्रप राजा नहपानाचा) निःशेष करणारा म्हटलंय. याच जिल्ह्यात जोगलटेंभीला १९०६ मध्ये नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३,००० हून जास्त नाणी. त्यांतल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. खालून नहपानाचा चेहरा डोकावतो, वर सातकर्णीची चिन्हं. एकाच नाण्यावर दोन राजे, याहून चांगला ‘ग्लिच’ मिळायचा नाही. एक नाणं द्या, थर हलवायची सोय द्या, आणि लेखातली ओळ शोधायला लावा. हळदणकरांच्या जागी हाच टप्पा दोन भागांत करा, सात टप्पे सातच राहतील.

अनुस्वार

पाचवा प्रश्न.

जोडाक्षरं दोन ठिकाणी फुटतात. फेजरमध्ये ‘बिटमॅपटेक्स्ट’ वापरलं असेल तर ते आधीच बंद करा. त्यात अक्षरांच्या तयार चित्रांची रांग लागते. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी न्यायची, र चा रफार वर चढवायचा, हे त्याला ठाऊक नाही. साधं ‘टेक्स्ट’ घ्या, ते कॅनव्हासवर ब्राउझरकडून लिहून घेतं आणि ब्राउझरला मराठी येतं. त्यातही ‘लेटर स्पेसिंग’ शून्यच ठेवा. दुसरी कुठलीही किंमत दिली की फेजर एकेक अक्षर सुटं काढतो आणि परत तेच.

दुसरं ठिकाण म्हणजे अक्षर-अक्षर उमटवणं. ‘क्षत्रप’ हा शब्द तुम्हाला तीन अक्षरांचा दिसतो. जावास्क्रिप्टला त्यात क, हलन्त, ष, त, हलन्त, र, प असे सात घटक दिसतात. एकेक वाढवत गेलात तर आधी ‘क’, मग ‘क्’, मग एकदम ‘क्ष’. ब्राउझरमधल्या ‘इंटल सेगमेंटर’ला (मजकूर तोडणारं साधन) ‘ग्राफीम’, म्हणजे डोळ्यांना दिसणारं एक अक्षर, सांगून तुकडे करा. जुन्या ब्राउझरांत तोही हलन्ताशी तोडतो (जोडाक्षर एकत्र ठेवायचा नियम युनिकोड १५.१ मध्ये आला), म्हणून स्वतःची एक ओळ वाढवा: तुकडा हलन्तावर संपत असेल तर पुढचा त्याला चिकटवा. खरं सांगायचं तर संवाद शब्द-शब्द उमटवा. वाचायला तेच बरं, मुलं कंटाळत नाहीत.

रफार आणि मात्रा कापल्या जातात, कारण फेजर ओळीची उंची रोमन अक्षरांच्या एका ठरावीक नमुन्यावरून मोजतो. शैलीत ‘पॅडिंग’ द्या: २४ पिक्सेलच्या अक्षराला वर ८, खाली ६. ‘र्थीं’ सारखं अक्षर लिहून तपासा, ‘कमल’ लिहून काही कळणार नाही. फॉन्ट पूर्ण उतरल्याशिवाय मजकूर तयार करू नका, नाहीतर मापं दुसऱ्याच फॉन्टची लागतात आणि तशीच राहतात. फॉन्टची फाइल लहान करायला कोणी छाटणी केली असेल तर मांडणीचे तक्ते ठेवलेत का ते विचारा. ते गेले की अक्षरं असतात, जोडणी नसते.

ब्राह्मीच्या चौकोनांची कारणं वेगळी. एक, तो फॉन्टच बहुतेक यंत्रांत नसतो. ‘नोटो सान्स ब्राह्मी’ खेळासोबत द्या. दोन, ब्राह्मी युनिकोडमध्ये २०१० साली आली, पहिल्या ६५,५३६ जागांच्या पलीकडे. जावास्क्रिप्ट अशा प्रत्येक चिन्हाला दोन जागा मोजतं. मधेच कापलं की अर्धं चिन्ह उरतं, आणि अर्ध्याचा चौकोन होतो. सेगमेंटर वापरलात की हेही मिटेल.

गंगापूररोडकर

कवटी लख्ख दिसू लागली आणि दालन २० फेऱ्यांनंतरही शाबूत आहे. ‘र्थीं’ पण पास. जोगलटेंभीचं नाणं घेतलं, पडताळून पाहिलं, खरंच तसंच आहे. धन्यवाद.

दोन गोष्टी राहिल्या. कवटी सरळ दिसेल इतकं बाजूला खेळाडूला जाताच येत नाही, भिंतीपासून थोड्या अंतरावर तो अडतो. आणि टिचकी अजून थोडी चुकते, पण आता फक्त फोनवर.

सातपूरकर

भो, कवटीचं गणित कागदावर करा.

खेळाडूभोवतीच्या कॅप्सूलची (टक्कर मोजायच्या अदृश्य कवचाची) त्रिज्या ०.४ मीटर असेल तर त्याचा डोळा भिंतीच्या ०.४ पेक्षा जवळ जाणार नाही. भिंतीशी १० अंशाच्या कोनातून पाहायचं ठरवलं, तर १० अंशाचा टॅन ०.१७६, म्हणजे कवटीपासून ०.४ भागिले ०.१७६ = २.२७ मीटर उजवीकडे उभं राहायला हवं. कवटी चित्राच्या साधारण मध्यावर धरली तर उजवी कड तिथून १.०५ मीटरवर. म्हणजे कडेपासून पुढे निदान १.२ मीटर रिकामी भिंत लागते. तुम्ही तिथे दुसरं चित्र किंवा खांब लावला असणार. उजवीकडे दीड मीटर मोकळं सोडा. त्या जागी पोचल्यावर त्रिज्या ०.२ केली तरी चालेल. चौकटीची जाडी पण बघा: याच कोनात कडेपाशी नजर भिंतीपासून साडेअठरा सेंटीमीटरवरून जाते, त्याहून जाड चौकट कवटी झाकेल. ५ सेंमी ठेवा. कॅमेऱ्याचं जवळचं प्रतल ०.०५ करा, पण ०.००१ नको, फार लहान केलं की लांबच्या भिंतींवरची चित्रं लुकलुकायला लागतात. तरीही लुकलुकत असतील तर चित्र भिंतीच्या १ सेंमी पुढे आणा, भिंतीतच ठेवू नका.

मजल्यातून पडणं आणि दुप्पट धावणं ही एकाच चुकीची दोन रूपं. तुम्ही खेळाडूला दर फ्रेमला ठरावीक पाऊल टाकायला लावलंय. १२० हर्ट्झच्या पडद्यावर फ्रेम दुप्पट, म्हणून वेग दुप्पट. तो फ्रेमच्या वेळेने गुणलात की वेग सुधारतो, पण मग जुन्या संगणकावर दुसरं दुखणं येतं. तिथे सेकंदाला १५ फ्रेम पडतात, एक फ्रेम ६७ मिलिसेकंदांची. सेकंदाला ९०० पिक्सेल वेगाने खाली येणारा खेळाडू एका उडीत ६० पिक्सेल जातो. मजला २० पिक्सेल जाड असेल तर एका फ्रेमला तो वर, पुढच्या फ्रेमला खाली. मध्ये टक्कर तपासलीच गेली नाही. उपाय: हालचाल आणि टक्कर १/६० सेकंदाच्या ठरावीक पावलांत मोजा, फ्रेमला वेळ लागला तर एका फ्रेममध्ये चार-पाच पावलं टाका. त्याला वरची मर्यादा घाला (८ पुरे), नाहीतर टॅब मागे टाकून परत आलं की खेळ हजारो पावलं भरून काढत अडकतो. पडण्याचा वेग ६०० वर बांधा आणि मजला ६४ पिक्सेल जाड करा. जाड मजला फुकट असतो.

टिचकीसाठी आधी निदान करा. फरक सगळीकडे सारखा असेल तर कॅनव्हासची जागा सरकलीय: मराठी फॉन्ट उशिरा उतरून वरचा मथळा उंच झाला, किंवा फोनची पत्त्याची पट्टी आत-बाहेर झाली. फेजरच्या स्केल मॅनेजरला ‘रिफ्रेश’ सांगा आणि उंची १०० व्हीएचऐवजी १०० डीव्हीएच द्या. फरक वरच्या डाव्या कोपऱ्यापासून लांब जाताना वाढत असेल तर प्रमाण चुकतंय, पडद्याची पिक्सेल-घनता दोनदा गुणली जातेय का बघा. एकाच चित्रात चुकत असेल तर कुंचलावाल्यांनी सांगितलेली फाइलची भानगड. आणि कधी कधी काहीच चुकत नसतं, बोट जाड असतं. राजदूतांच्या चित्रातल्या वाद्याची तुटलेली तार पडद्यावर ३ पिक्सेलची असेल. तिचं टिचकीचं क्षेत्र ४४ पिक्सेल करा.

पोतवाला

मुद्दामचा आणि खरा बिघाड ओळखण्याबद्दल: कुंचला यांच्या यादीतले सगळे बिघाड कापणं, विटणं, झिजणं, पुसणं असे आहेत. तोच नियम करा. खेळातला बिघाड नेहमी रंग-कागद-धातूचा असेल. काळं पडणं, लुकलुकणं, चौकोन येणं हे कधीच कोडं नसेल. मुलांना पहिल्याच पडद्यावर हे सांगा आणि कोपऱ्यात एक बटण द्या, दाबलं की पडद्याचं चित्र, चिपचं नाव आणि टेक्स्चरची मर्यादा जपून ठेवणारं.

सातवा प्रश्न सगळ्यांनी सोडला. न येणाऱ्या दोन चित्रांच्या फाइलनावात मोठं अक्षर असेल. विंडोजला कॅपिटल आणि स्मॉल सारखंच, होस्टिंगचं लिनक्स दोन्ही वेगळं मानतं. नावं सगळी लहान लिपीत, जागा न सोडता, आणि देवनागरीत तर नकोच. चित्र थेट संग्रहालयाच्या सर्व्हरवरून मागवत असाल तर क्रॉस-ओरिजिनची (दुसऱ्या साइटची फाइल वापरायची) परवानगी नसल्यानेही ते अडतं. फाइल आपल्याकडे ठेवा.

गंगापूररोडकर

फाइलनावच निघालं. शेवटचं: संगणक कक्षात २० यंत्रं एकाच जोडणीवर आहेत, खेळ ३० एमबीचा. आणि मुलांची प्रगती कशी जपायची? आज शाळेत, उद्या घरच्या फोनवर.

सातपूरकर

२० गुणिले ३० म्हणजे ६०० एमबी. ५० एमबीपीएसची जोडणी सेकंदाला सव्वासहा एमबी देते, म्हणजे सगळं सुरळीत असताना दीड मिनिटाहून जास्त, आणि तोवर २० मुलं आरडाओरडा करणार. कक्षातल्याच एका यंत्रावर पायथनचा साधा सर्व्हर चालवा, बाकीच्यांना त्याचा पत्ता द्या. फक्त सर्व्हिस वर्करवर (ब्राउझरमध्ये फाइली साठवून ठेवणाऱ्या सोयीवर) विसंबू नका: तो एचटीटीपीएस किंवा लोकलहोस्टवरच नोंदतो, १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या साध्या पत्त्यावर गुपचूप बंद राहतो.

प्रगतीसाठी लोकल स्टोरेज (ब्राउझरची आपली साठवण) ठेवा, पण आयफोनवरचा सफारी ७ दिवस साइट न वापरल्यास ते पुसतो. म्हणून वहीत लिहिता येईल असा आकडा द्या. सात टप्प्यांना १, २, ४, ८, १६, ३२, ६४ असे भाव द्या आणि सुटलेल्यांची बेरीज करा. पहिला, तिसरा आणि सहावा सुटला तर ३७. तीन अंकांत ०३७, आणि चौथा अंक पडताळणीचा: ७ ने भागून उरलेली बाकी, इथे २. कोड ०३७२. बाकी ९ ची घेऊ नका, ०३७ चं चुकून ०७३ झालं तरी ती १ च राहते आणि चूक निसटते. ७ ची घेतली तर ७३ ला ३ उरतात, पकडली जाते. टप्प्यांचे भाव नावाला बांधा, क्रमाला नको, नाहीतर उद्या चित्रांचा क्रम बदलला की जुने कोड भलतंच दार उघडतील.

आणि कोड वाचताना आधी देवनागरी अंक बदलून घ्या. मुलं मराठी कळफलकावरून ०३७२ टाकतात, जावास्क्रिप्टला तो आकडा वाटतच नाही.